पामर आडनावाचे तिघे

नाना फडणवीस 13 मार्च 1800 रोजी पुण्यात वारले, आणि मराठी राज्यातलं शहाणपण आणि संयम त्यांच्याबरोबरच गेला, अशा अर्थाचा एक अभिप्राय आपल्याकडे शाळेपासून कानावर पडतो. अभिप्राय देणारा होता पुणे दरबारातला ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट, कर्नल विल्यम पामर. हे वाक्य आपण जपलं, कारण ते आपल्या माणसाची थोरवी सांगतं, आणि तेही परक्याच्या तोंडून. हा परका कोण होता, पुण्याला कुठून आला, पुण्याहून का गेला, याची विचारपूस करायची गरज कुणाला वाटली नाही.

हैदराबादच्या जुन्या कागदांत हेच नाव दुसऱ्याच कारणासाठी येतं. तिथला विल्यम पामर म्हणजे सावकारी पेढीचा मालक, 60 लाखांच्या कर्जाचा धनी, ज्याच्यापायी कलकत्त्याच्या कौन्सिलात फूट पडली आणि ज्याच्या व्यवहारावर लंडनमध्ये कंपनीचे भागधारक दिवसचे दिवस भांडले. हा विल्यम पुण्याच्या विल्यमचा मुलगा. बापाने आपल्या इतिहासाला एक वाक्य दिलं. मुलाकडे आपल्या मुलखाचा वसूल गहाण पडला होता. वाक्य देणारा आपल्या पुस्तकांत राहिला आणि गहाण घेणारा गळाला, ही निवड मला खटकते.

एकाच आडनावाच्या साहेबांनी आपल्या इतिहासवाचनात एरवीही पुष्कळ घोटाळे केले आहेत. पहिला गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज आणि पेशवाई बुडवणारा लॉर्ड हेस्टिंग्ज ही दोन माणसं आहेत, हे परीक्षेच्या आदल्या रात्री कळलेले विद्यार्थी थोडे नसतील. मुंबईतलं एल्फिन्स्टन कॉलेज माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या नावाचं. एल्फिन्स्टन रोड स्टेशन, ज्याचं 2018 साली प्रभादेवी झालं, ते त्याचा पुतण्या लॉर्ड जॉन एल्फिन्स्टनच्या नावाचं. हैदराबादेत तर हा प्रकार जागोजागी आहे. 1795 साली खर्ड्याला मराठ्यांनी निजामाला हरवलं तेव्हा हैदराबादचा रेसिडेंट विल्यम कर्कपॅट्रिक होता. ज्याच्या आणि खैरुन्निसाच्या लग्नाच्या गोष्टी आज सांगितल्या जातात तो जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक हा त्याचा सावत्र भाऊ, त्याच्या मागून त्याच गादीवर आलेला. कोठीची ती खांबांची भव्य रेसिडेन्सी, जिथे पुढे मुलींचं कॉलेज आलं, ती बांधणारा इंजिनिअर सॅम्युएल रसेल. त्या वास्तूत 1811 ते 1820 रेसिडेंट म्हणून राहिला तो हेन्री रसेल. दोघांचं नातं काही नाही. आणि आपल्या बांधावर निघणाऱ्या घोणशीला इंग्रजीत ज्याचं नाव चिकटलं तो पॅट्रिक रसेल तिसऱ्याच घरचा, एडिंबराकडचा, विशाखापट्टणला कंपनीच्या नोकरीत राहून साप आणि झाडं टिपणारा.

रसेलांचा घोटाळा निरुपद्रवी आहे. नाती नाहीत एवढं सांगितलं की तो मिटतो. पामरांच्या बाबतीत उलट आहे. तिथे रक्ताचं नातं आहे, बाप एकच आहे, आडनाव एकच आहे, आणि तरीही कंपनी सरकारच्या लेखी सगळे पामर एका मापाचे नव्हते.

थोरल्या विल्यम पामरची दोन कुटुंबं होती. पहिली बायको वेस्ट इंडिजमधली, सारा हेझेल. तिचा मुलगा जॉन, जन्म 1767. पुढे पामर हिंदुस्थानात आला, वॉरन हेस्टिंग्जच्या विश्वासातला झाला, लखनौला नवाबाच्या दरबारी राहिला, आणि तिथे फैज बक्ष या मोगली खानदानातल्या बेगमेशी त्याने आयुष्यभराचा संसार मांडला. त्या संसाराचं एक चित्र आहे, 1785-86 च्या सुमाराचं, अर्धवट राहिलेलं, पुष्कळ वर्षं झोफनीचं म्हणून ओळखलं गेलेलं. लाल कोटातला पामर, शेजारी जमिनीवर बसलेली बेगम, आणि मुलं. त्यातला थोरला मुलगा पाच-सहा वर्षांचा विल्यम. तो 1780 साली लखनौला जन्मला. बेगमेच्या मांडीवरचं तान्हं मूल हेस्टिंग्ज, हे नाव कुणावरून ठेवलं ते उघड आहे.

थोरला पामर आधी शिंद्यांकडे आणि मग 1798 पासून पुण्याला रेसिडेंट होता. दुसरा बाजीराव, दौलतराव शिंदे, सर्जेराव घाटगे यांचा तो काळ. पुण्याची भरदिवसा लूट झालेला. पामर समजूतदारपणे, दरबारी रीतीने वागणारा होता, आणि नेमकं तेच नवा गव्हर्नर जनरल वेलस्लीला नको होतं. त्याला तैनाती फौज पेशव्याच्या गळ्यात बांधणारा माणूस हवा होता. 1801 मध्ये पामर हलला, बॅरी क्लोज आला, आणि 1802 च्या शेवटच्या दिवशी वसईचा तह झाला. नानांबद्दलचं ते वाक्य लिहिणाऱ्याची स्वतःची गतही वर्षा-दीड वर्षात तशीच झाली, एवढी नोंद त्या धड्याखाली असायला हरकत नव्हती.

आता मुलं. 1791 साली कंपनीच्या संचालकांनी ठराव केला की आई किंवा बाप हिंदुस्थानी असलेल्या कुणालाही कंपनीच्या मुलकी, लष्करी किंवा आरमारी सेवेत घ्यायचं नाही. 1795 ला तो आणखी आवळला: आई-बाप दोन्ही युरोपियन नसतील तर फौजेत बाजा वाजवणारा, ढोलवाला किंवा नालबंद यापलीकडे जागा नाही. सारा हेझेलच्या जॉनला या ठरावांची झळ लागायचं कारण नव्हतं. तो कलकत्त्यात व्यापारी झाला आणि इतका वाढला की लोक त्याला व्यापाऱ्यांचा राजा म्हणत. फैज बक्षच्या विल्यमला इंग्लंडात शिकवून आणलं होतं, लष्करी शिक्षणही दिलं होतं, पण कंपनीच्या फौजेचा दरवाजा त्याला बंद होता. तो 1799 च्या सुमाराला निजामाच्या नोकरीत शिरला. असे मिश्र घरातले अनेक तरुण त्या काळी देशी राजांकडेच जात. जेम्स स्किनर शिंद्यांकडे होता.

म्हणजे एका बापाचे दोन मुलगे, आडनावाची अक्षरं तीच, पण एकाचं आडनाव हा परवाना आणि दुसऱ्याचं नुसतं आडनाव. आईकडे बघून पोराची लायकी ठरवायची ही रीत आपल्याला नवी नाही, त्यामुळे साहेबांच्या नावाने बोटं मोडण्याचा फारसा अधिकार आपल्याला पोचत नाही. पण साहेब हे सगळं ठरावाने, लेखी, क्रमांक घालून करत होता, हा त्याचा वेगळेपणा.

विल्यमने साधारण 1812 ला निजामाची नोकरी सोडली आणि रेसिडेन्सीच्या जवळ पेढी घातली. भाऊ हेस्टिंग्ज भागीदार, गुजराती सावकार बंकटीदास भागीदार. सुरुवातीला गोदावरीकाठच्या जंगलातलं लाकूड जहाजबांधणीसाठी खाली नेण्याची योजना होती, आणि वऱ्हाडच्या कापसाचीही बोलणी होती. रेसिडेंट हेन्री रसेल मदतीला होता. कागदावर तरी हा चांगला धंदा दिसतो. पण हैदराबादेत त्या वेळी लाकडापेक्षा आणि कापसापेक्षा किफायतीचा माल एकच होता, आणि तो म्हणजे सरकारची निकड.

ही निकड कशी तयार झाली ते सावकाश पाहण्यासारखं आहे, कारण पुढचं सगळं त्यातून निघतं. निजामाकडे कंपनीची तैनाती फौज आधीच होती. त्याशिवाय 1813 च्या सुमाराला रसेलने निजामाच्या पैशाने, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली आणखी एक कवायती फौज उभी केली. तिला रसेल ब्रिगेड म्हणत. पुढे तीच हैदराबाद कंटिंजंट झाली. ही फौज 21 डिसेंबर 1817 ला महिदपूरला होळकरांविरुद्ध लढली. जानेवारी 1819 मध्ये हदगावजवळ नव्ह्याच्या गढीला तिने वेढा घातला तो हटकर नायक नौसाजीविरुद्ध. गढी 31 जानेवारीला पडली, आतले अरब शिपाई बहुतेक कापले गेले, नौसाजीला धरून हैदराबादला नेलं. नांदेड-उमरखेडकडे नौसाजी नाईक अजून लोकांच्या तोंडी आहे. ज्या फौजेने त्याला धरलं तिचा पगार कोण पुरवत होतं, हे मात्र त्या आठवणीत नाही.

फौजेला पगार महिन्याच्या महिन्याला रोख लागतो. मुलखाचा वसूल हंगामाने येतो, तोही पाऊस झाला तर. मधल्या फटीत सावकार उभा राहतो. हैदराबादचा कारभार तेव्हा पेशकार चंदुलालच्या हाती होता. फौजेवर इंग्रज खूश राहिले तरच आपली जागा टिकेल, हे तो पक्कं ओळखून होता. त्यामुळे पगार थकवायचा नाही, मग पैसा कुठूनही येवो. तो पामरच्या पेढीतून येऊ लागला. औरंगाबाद-वऱ्हाडकडच्या फौजेसाठी पेढीने महिन्याला 2 लाख रुपये द्यायचे आणि त्याबद्दल दरसाल 30 लाखांच्या वसुलाचे तनखे पेढीच्या नावे करायचे, असा ठराव झाला. व्याज शेकडा 24-25. तनखा याचा अर्थ अमुक तालुक्याचा वसूल सरकारी खजिन्यात न जाता थेट सावकाराच्या माणसाकडे जाणार. तालुकदाराने तो कसा काढला, किती कुळं गाव सोडून गेली, बैल विकले की बी-बियाणं, हा विषय सावकाराचा नव्हता आणि चंदुलालचाही राहिला नव्हता.

वऱ्हाड त्या वेळी आधीच थकलेला होता. 1803 ला अडगाव आणि गाविलगडच्या लढाया त्याच्या छातीवर झाल्या, त्याच सालापासून दुष्काळ पडला, देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांचा हिस्सा सुटून मुलूख सगळा निजामाकडे गेला, मग पेंढारी. इतकं झाल्यावर तनखे. वऱ्हाडच्या गरिबीचं वर्णन करताना आपण पेंढाऱ्यांची नावं घेतो, कारण ते घोड्यावर बसून आले. हुंडी आणि खतावणी घेऊन बसलेला माणूस त्यांच्या मानाने फार कमी दिसतो.

1815 च्या सुमारास पेढीत आणखी एक भागीदार आला, सर विल्यम रंबोल्ड. मद्रासच्या एका जुन्या गव्हर्नरचा नातू. त्याची बायको लॉर्ड हेस्टिंग्जच्या घरी मुलीसारखी वाढलेली. गव्हर्नर जनरलच्या घराशी असा धागा जुळल्यावर पेढीची पत एकदम वर गेली. देशी राजांना कर्ज द्यायला ब्रिटिश प्रजेला 1797 च्या कायद्याने कंपनीच्या परवानगीशिवाय बंदी होती. 1816 ला ती परवानगी मिळाली. इथे आडनावाचा हिशेब उलटा फिरतो. सैन्यात जायचं म्हटलं तेव्हा विल्यम पामर हिंदुस्थानी आईचा मुलगा होता. कर्ज द्यायचं म्हटल्यावर मात्र त्याची पेढी ब्रिटिश प्रजेसाठीच्या परवानगीच्या रांगेत उभी. त्याने तक्रार केली नाही. परवानगी कामाची होती.

1820 साली 60 लाखांच्या कर्जाचा प्रस्ताव कलकत्त्याला गेला. कौन्सिलात मतं सारखी पडली आणि लॉर्ड हेस्टिंग्जच्या जादा मताने मंजुरी मिळाली. वर्षअखेर रसेलच्या जागी चार्ल्स मेटकाफ आला. त्याने वह्या उघडल्या तेव्हा 60 लाखांतले 8 लाख भागीदारांची बक्षिसी निघाली आणि बाकी रकमेत जुन्या येण्याचाच मोठा हिस्सा. नव्याने रोख फारसं काही आलंच नव्हतं. मेटकाफने मुलखात फिरून गावं पाहिली, वसुलीवर इंग्रज अधिकारी नेमले, आणि कलकत्त्याला सुचवलं की कंपनीने कमी व्याजाने पैसे उभारून या पेढीतून निजामाला सोडवावं. हेस्टिंग्जला हे स्वतःवरचं बालंट वाटलं. दोघांत कायमचं वितुष्ट आलं. हेस्टिंग्ज 1823 च्या सुरुवातीला गेला आणि त्याच वर्षी प्रकरण निकालात निघालं.

निकालाची रीत मात्र कंपनीची होती. उत्तर सरकार म्हणजे आजच्या आंध्रच्या किनाऱ्यावरचे जिल्हे. ते कंपनीने निजामाकडून घेतले होते आणि त्याबद्दल दरसाल 7 लाखांची पेशकश देत होती. ती कायमची एकरकमी फेडण्यासाठी कंपनीने 1 कोटी 16 लाखांवर आकडा ठरवला आणि त्यातून पामरची पेढी चुकती केली. निजामाचं कर्ज फिटलं. कंपनीच्या डोक्यावरचं दरसालचं देणं गेलं. पेढीला 1824 मध्ये दिवाळं निघालं. 12 टक्क्यांवर व्याज घेण्याची बंदी परक्या राज्यात लागू होते की नाही यावर कायदेपंडित पुढेही भांडत राहिले. लंडनमध्ये या प्रकरणाचे कागद जाडजूड ग्रंथ करून छापले गेले आणि 1825 मध्ये भागधारकांच्या सभेत त्यांवर वाद गाजला. या सगळ्यात कंपनीचं काय गेलं, असं विचारलं तर उत्तर देणं कठीण आहे.

सावत्र भाऊ जॉनची कलकत्त्याची पेढी जानेवारी 1830 मध्ये बुडाली. तिच्या मागोमाग कलकत्त्यातली एकेक मोठी इंग्रज पेढी कोसळली, तरी त्यावरून कुणी जॉनच्या आईची जात काढली नाही. बंगालच्या व्यापाराचं ते अरिष्ट मानलं गेलं, जॉन शेवटपर्यंत सभ्य गृहस्थ राहिला. हैदराबादच्या विल्यमबद्दल लिहिताना मात्र अनेक इंग्रजांना त्याचं मिश्र रक्त आठवलं. गंमत अशी की ज्या मेटकाफने पेढी उघडी पाडली त्याच्या स्वतःच्या मुलांची आई हिंदुस्थानी होती, असं त्याचे चरित्रकार सांगतात. मेटकाफचा विरोध रक्ताला नव्हता, हिशेबाला होता, आणि तो हिशेब बरोबर होता. त्याच्या भोवतालच्यांबद्दल तेवढ्या खात्रीने बोलता येत नाही.

आजकाल हैदराबादच्या या काळाकडे पाहण्याची एक लाडकी नजर तयार झाली आहे. साहेब अंगरखे घालत, हुक्का ओढत, बेगमांशी लग्नं करत, दोन संस्कृती कशा छान मिसळल्या होत्या, मग वर्णाभिमानी इंग्रज आले आणि सगळं नासलं. त्यात सत्य आहे. 1791 चा ठराव क्रूर होता आणि विल्यम पामर त्याचा बळी होता. पण त्याच विल्यमने शेकडा 25 नी वऱ्हाडची पिकं उभी असतानाच बांधून घेतली. बळी असल्यामुळे त्याची सावकारी सौम्य झाली नाही, आणि सावकार होता म्हणून त्याच्यावरचा अन्याय खरा नव्हता असंही नाही. त्या चित्रातल्या मुलाकडे पाहून हळहळणारे आहेत, पुढे तनखे कुणाच्या गावावर पडले ते विचारणारे नाहीत. जिथे तनखे पडले तिथले लोक मराठी बोलत होते, तेव्हा हा प्रश्न विचारायचा तर तो मराठीतूनच आला पाहिजे.

हैदराबादचे मराठी लोक याच रेसिडेन्सीच्या सावलीत वाढले. तिच्याभोवतीचे बाजार बराच काळ निजामाच्या नव्हे तर इंग्रजांच्या हुकमतीत होते. 1933 ला ते परत निजामाकडे गेले आणि सुलतान बाजार म्हणून राहिले. निजामाच्या राज्यात सभा-व्याख्यानांवर जे निर्बंध होते त्यांच्यापासून चार पावलांवर थोडी मोकळीक मिळायची. केशवराव कोरटकर, वामन नाईक यांची पिढी याच भागात वावरली. 1907 ची विवेक वर्धिनी शाळा इथलीच. रस्ता ओलांडला की कायदा बदलतो याचा उपयोग पामरने केला तसा शंभर वर्षांनी शाळा काढणाऱ्यांनीही केला. पामरच्या पेढीच्या आसपासच पुढे मराठी पुस्तकं आणि गणपती आले, हा योगायोग मला आवडतो.

दिवाळ्यानंतर विल्यम पामर हैदराबाद सोडून गेला नाही. आई फैज बक्ष शेवटची वर्षं त्याच्याकडेच होती. पहिल्या सालारजंगाच्या काळापर्यंत तो शहरात जुना जाणकार म्हणून मानला जाई. 1867 ला, नव्वदीकडे झुकलेला, वारला. त्याची जागा मात्र रिकामी राहिली नव्हती. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या तारापूरच्या पारशी घराण्याची पेस्तनजींची पेढी आली. वऱ्हाडचा कापूस बैलांवर लादून मुंबईला धाडायला सुरुवात करणारे हेच. औरंगाबादच्या टांकसाळीत त्यांच्या नावाने पेस्तनशाही रुपया पडला. त्यांनीही सरकारला कर्ज दिलं, वऱ्हाडचे तनखे घेतले, आणि 1845 च्या सुमारास त्यांच्याकडून ते तनखे जबरीने काढून घेण्यात आले. पामर जावो, पेस्तनजी येवो, कंटिंजंटचा खर्च दरसाल सुमारे 40 लाख, तो तसाच.

मग सावकार बदलला तो शेवटचा. निजामाला पगार पुरवता येईना, तेव्हा कंपनीच स्वतःच्या तिजोरीतून कंटिंजंटला पैसे देऊ लागली आणि स्वतःच धनको झाली. 21 मे 1853 च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब कंपनीकडे तारण म्हणून गेले. पामरने तालुके बांधून घेतले होते, कंपनीने प्रांत घेतले. युक्ती तीच होती, फक्त या वेळी चौकशीला मेटकाफ नव्हता.

धाराशिवच्या नळदुर्ग जिल्ह्यावर कंपनीने जो अधिकारी नेमला तो कॅप्टन फिलिप मेडोज टेलर. मुंबईतल्या एका बुडत्या व्यापाऱ्याकडे कामाला म्हणून 1824 ला पोरवयात आला, निजामाच्या फौजेत शिरला, तुळजापूरकडे पोलीस म्हणून फिरला, ठगांवरची कादंबरी लिहून 1839 ला विलायतेत गाजला. शिवाजी-अफजलखानाच्या काळावरची, तुळजापुरात सुरू होणारी त्याची ‘तारा’ 1863 ची. 1832 मध्ये त्याने लग्न केलं मेरी पामरशी. ती हैदराबादच्या विल्यमची मुलगी, फैज बक्षची नात. ज्या फौजेचा पगार सासऱ्याने व्याजाने पुरवला त्याच फौजेच्या थकबाकीपोटी घेतलेला जिल्हा जावयाकडे कारभाराला आला. टेलरच्या आत्मचरित्रात सासऱ्याबद्दल आदरच आहे, हिशेब नाही. तो कारभारी म्हणून बरा होता, हे मानावं लागतं. नळदुर्गच्या किल्ल्यात राहून त्याने जमिनीची मोजणी सुरू केली, रस्ते काढले, आणि 1857 च्या धामधुमीत त्याला बुलढाण्याला हलवलं, म्हणजे पुन्हा वऱ्हाडातच.

1860 ला इंग्रजांनी निजामाला 1857 च्या निष्ठेचं बक्षीस दिलं: 50 लाखांचं कर्ज माफ, धाराशिव आणि रायचूर परत. वऱ्हाड परत नाही. 1902 ला कर्झनने तेही वर्षाला 25 लाखांच्या कायम पट्ट्यावर घेतलं आणि पुढच्या वर्षी मध्य प्रांताला जोडलं. वऱ्हाड आणि मराठवाडा यांच्यामधल्या या रेघेने मराठी मुलखाच्या दोन शेजारी भागांना दोन दप्तरं दिली. बुलढाणा, अकोला, अमरावतीकडे मुंबई धर्तीची जमीनमोजणी झाली आणि कचेरीची भाषा मराठी झाली. धाराशिव, बीड, नांदेड, परभणीकडे दप्तर आधी फारसीत, 1884 नंतर उर्दूत, गावपातळीवर मोडीत, आणि हुकूम हैदराबादहून.

आरक्षणासाठी मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधायला 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली, तेव्हा तिला मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं गोळा करावी लागली आणि हैदराबादेत जाऊन कागद पाहावे लागले. 2 सप्टेंबर 2025 चा शासन निर्णय निघाला तोही हैदराबाद गॅझेटच्या आधाराने. वऱ्हाडातल्या कुणब्याला ही यातायात इतकी करावी लागली नाही. पैनगंगेच्या अलीकडे आणि पलीकडे तीच आडनावं आहेत, सोयरीकही होते. पण तहसीलदारापुढे आडनाव पुरावा म्हणून चालत नाही, कोणत्या सरकारच्या दप्तरात पूर्वजाची काय नोंद आहे ते काढून द्यावं लागतं. मराठवाड्याच्या त्या निजामी दप्तरात नळदुर्ग-धाराशिवची 1853 ते 1860 ही सात वर्षं मध्येच इंग्रजी अमलाची येतात, आणि त्यातली पहिली चार विल्यम पामरच्या जावयाच्या हाताखालची आहेत.